दोघांना दिसलेले पक्षी

आमच्या वहीत आज एकशे तेरा पक्षी आहेत. तीन वर्षांपूर्वी एकशे छप्पन्न होते. पक्ष्यांची यादी वाढते, कमी होत नाही; एकदा पाहिलेला पक्षी न पाहिलेला कसा होईल? आमच्याकडे झाला. त्रेचाळीस पक्षी मी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, लाल पेनने खोडले.

मी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गोदामात नोकरी करते. पंपांचे सुटे भाग, वॉशर, रबरी रिंगा. काय आलं, काय गेलं, काय उरलं. एकवीस वर्षं हेच. वहीत लिहिलेला साठा आणि रॅकवर हाताला लागणारा साठा जुळला नाही तर त्याला आम्ही तफावत म्हणतो, आणि तफावत सापडेपर्यंत घरी जायचं नाही, असं मला पहिल्या वर्षीच शिकवलं गेलं. माणसाला नोकरीची सवय लागते तशी नोकरीतल्या पद्धतीचीही लागते. ती घरी येते आणि कुणी बोलावलं नाही तरी बसून राहते.

राहायला आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे यजमान एसटीत, खोपटच्या आगारात. त्यांची सुट्टी बहुधा मधल्या वारी येते, माझी रविवारी. त्यामुळे मुलाचे रविवार माझ्या वाट्याला आले.

तो दुसरीत असताना शाळेने प्रकल्प दिला: परिसरातले दहा पक्षी. खिडकीतून सात झाले. कावळा, चिमणी, कबूतर, साळुंकी, घार, बुलबुल आणि समोरच्या इमारतीच्या पाइपावर बसणारा दयाळ. उरलेल्या तिघांसाठी रविवारी सकाळी त्याला घेऊन खाडीच्या बांधावर गेले. तिथे बगळा, खंड्या आणि टिटवी पंधरा मिनिटांत मिळाले. प्रकल्प झाला. पण पुढच्या रविवारी पोरगं पावणेसहाला उठून माझ्या उशाशी उभं. "आई, अकरावा बघायचा ना?"

मी सहा दिवस उभ्याने काम करते. रविवारी आठपर्यंत झोपावं, एवढीच माझी इच्छा असायची. पण सात वर्षांचा मुलगा आपण होऊन उठलाय, मोबाइल मागत नाहीये, म्हटल्यावर आईने काय करायचं? उठले. आणि मग सहा वर्षं उठत राहिले.

वही मीच आखली. क्रमांक, तारीख, ठिकाण, पक्षी, आणि शेवटी दोन रकाने: आई, तू. आमच्याकडे मालाच्या प्रत्येक नोंदीवर दोन सह्या लागतात, मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तसाच इथेही नियम केला. दोघांना दिसला तरच क्रमांक द्यायचा. एकालाच दिसला तर नोंद नाही. मुलाला नियम फार आवडला. तो मोजून दोन खुणा करायचा, एक माझी, एक त्याची.

दुर्बीण मात्र एकच होती, दिरांनी दिलेली जुनी. जड, आणि मधलं चाक जरा ढिलं. चाक फिरवून चित्र स्पष्ट करायचं असतं. पक्षी सापडला की मी चाक फिरवायचे, नीट दिसलं की दुर्बीण त्याच्या हातात द्यायचे. एकदोनदा त्याने चाक फिरवलं, त्यात वेळ गेला आणि पक्षी उडाला. तेव्हा मी सांगितलं, "चाकाला हात लावायचा नाही. मी लावून देते. तू फक्त बघ." पुढे तर चाक आपोआप सरकू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली. लांबच्या झाडासाठी पेनने एक रेघ, जवळच्यासाठी दुसरी. मला माझ्या या व्यवस्थेचा अभिमान होता, हे आत्ताच सांगून टाकते.

मी बघायचे, दुर्बीण द्यायचे आणि विचारायचे, "दिसला?" तो म्हणायचा, "दिसला." दोन खुणा. एक क्रमांक.

बांधावर निवट्या मासे पकडायला येणारे जवळच्या गावातले एक म्हातारे होते. गुडघाभर चिखलातून वर बघत विचारायचे, "काय गावला का आज?" मी म्हणायचे, "दोन नवे." ते म्हणायचे, "आनि खायचा काय त्यातला?" मुलगा तोंडावर हात ठेवून हसायचा. घरी आल्यावर यजमान असले तर त्यांचं वेगळंच. "आलात? गोदामात किती जमा?" एकदा शेजारणीला सांगत होते, "आमच्याकडे रविवारीसुद्धा स्टॉकच घेतात."

सहा वर्षांत आम्ही फार लांब गेलो नाही. बांध, कल्याणच्या बाजूची नदी, ठाण्याची खाडी दोनदा आणि खडवली चारदा. खडवलीला भातसा नदीच्या काठाने झाडी आहे. तिथे, तो पाचवीत असताना, मला स्वर्गीय नर्तक दिसला. बारीक पक्षी, पण शेपटीला हातभर लांब दोन पांढऱ्या फिती. तो उडाला की वाटतं कुणीतरी फीत सोडून दिली. माझ्या आयुष्यात इतकं सुंदर काही मी सहज चालताना पाहिलं नव्हतं. मुलाला मात्र दिसेना. मी दुर्बीण दिली, फांदी सांगितली, दुसरी फांदी सांगितली. चाळीस मिनिटं आम्ही त्या झाडाखाली उभे होतो. आठवडाभर गोदामात वार्षिक मोजणी झालेली, माझा डावा पाय घोट्याशी सुजलेला. शेवटी तो म्हणाला, "हां, दिसला." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. वहीत क्रमांक अठ्ठ्याऐंशी. त्यापुढे मी बारीक अक्षरात "अतिसुंदर" लिहिलं. त्या वहीतला दुसरा कुठला शेरा नाही.

आठवीत असताना शाळेतून चिठ्ठी आली, डोळे तपासून घ्या. मला पटलं नाही. माझ्या मुलाला दोनशे फुटांवरची टिटवी दिसते, असं मी चष्म्याच्या दुकानातल्या तपासनिसाला सांगितलंसुद्धा. त्याने मुलाला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ती जड चौकट चढवली, एकामागून एक भिंगं घातली. मग मला बाजूला बोलावलं.

"दोन्ही डोळ्यांना पावणेतीनच्या आसपास आहे. शाळेत कुठे बसतो?"

"पहिल्या बाकावर. उंचीने कमी आहे म्हणून."

"म्हणून निभावलं," तो म्हणाला. "एका वर्षात वाढलेला नंबर नाही हा."

चष्मा मिळाल्यानंतरचा पहिला रविवार. आम्ही बांधावर गेलो. समोर तारेवर खंड्या बसला होता, आमच्या यादीतला नववा, शंभरदा पाहिलेला. मुलगा चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहिला, दुर्बीण न घेता. मग पलीकडच्या तिवरांच्या झाडीकडे बघितलं. मी म्हटलं, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही. पानं सुटी सुटी आहेत." थोड्या वेळाने म्हणाला, "घरी जाऊ या का?"

संध्याकाळी मी भाजी निवडत होते. तो वही घेऊन समोर बसला.

"आई, ही खोटी आहे."

"काय खोटी?"

"वही. मला यातले खूप पक्षी दिसलेच नव्हते. म्हणजे काहीतरी दिसायचं. डाग. मला वाटायचं सगळ्यांना तसंच दिसतं, आणि त्या डागालाच पक्षी म्हणायचं."

"मग दिसला कशाला म्हणायचास?"

"दुर्बिणीतून मोठं काहीतरी दिसायचं ना. आणि नाही म्हटलं की तू हलायचीच नाहीस. खडवलीला आठवतंय? तुझा पाय सुजलेला. तू एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मग मी म्हटलं दिसला. नाहीतर आपण अजून तिथेच असतो."

"तो पांढऱ्या शेपटीचा? तो नाही दिसला?"

"पांढरं काहीतरी हलताना दिसलेलं," तो म्हणाला. "पिशवी असेल असं वाटलं."

भाजी मी तशीच ठेवली. आज विचार करते तेव्हा कळतं, त्या क्षणी मी विचारायला हवं होतं की बाळा, शाळेत काय होत होतं, रस्ता ओलांडताना काय होत होतं. मी ते विचारलं नाही. मला फक्त तफावत दिसली. एकशे छप्पन्न वहीत, आणि प्रत्यक्षात किती?

मी पट्टी आणि लाल पेन घेऊन आले. "एकेक घेऊ," म्हटलं.

सुरुवातीला तोही गंभीरपणे सांगत होता. कावळा, हो. कोतवाल, हो. पाणकावळा, हो, मोठा असतो. शिंपी? आवाज ऐकलेला. आवाज चालणार नाही. नाचण? बहुतेक. बहुतेक म्हणजे काय? पन्नासच्या पुढे तो दमला. कुठल्या महिन्यापासून डोळे बिघडले, ते त्याला कसं ठाऊक असणार? पण मी प्रत्येक पक्ष्याला तोच प्रश्न विचारत होते, तारीख आणि ठिकाण वाचून, आणि त्याच्या तोंडाकडे बघत. सूर्यपक्षी, कोणता भाग दिसला? शेकाट्या, पायांचा रंग सांग. मुनिया, ठिपके दिसले होते का?

"आई, ऑडिट बंद कर ना."

"अर्धवट सोडून चालत नाही."

"मग सगळेच खोड. मला काय विचारतेस? मी काय चोरी केलीय?"

त्यानंतर तो प्रत्येक नावाला "नाही" म्हणू लागला. मी म्हटलं, असं नाही चालणार, खरं सांग. तो म्हणाला, "आता तुला कसं कळणार खरं कुठलं ते?" आणि उठून आतल्या खोलीत गेला. मी एकटीने शेवटपर्यंत गेले. जिथे शंका आली तिथे रेघ मारली. त्रेचाळीस. अठ्ठ्याऐंशीवर पट्टी ठेवली तेव्हा "अतिसुंदर" हा शब्द रेघेत येऊ नये म्हणून पट्टी जरा वर घेतली. शब्द राहिला, पक्षी गेला.

यजमान ड्यूटीवरून आले. वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि चपला काढत म्हणाले, "तफावत सापडली म्हणायची." जेवताना पुन्हा म्हणाले, "पोराने आईचा पाय बघितला, पक्षी नाही बघितला. यात खोडण्यासारखं काय होतं?"

पुढच्या रविवारी मी मुलाला उठवलं. "तू जा," तो पांघरुणातून म्हणाला. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मी अकरा रविवार एकटी गेले. नियमाप्रमाणे एकटीला दिसलेल्याची नोंद नाही. एकदा दोन नवे पक्षी दिसले, घरी येऊन वही उघडली आणि मिटली. बाराव्या रविवारी गजर लावला नाही. आठपर्यंत झोपायला मिळत होतं, पण सहाला डोळे उघडायचे आणि मी छताकडे बघत पडून राहायचे. दुर्बीण कपाटाच्या वर गेली. मुलगा नववीत गेला, दहावीत गेला. आम्ही भांडलो नाही. तो विचारेल तेवढं मी सांगायचे, मी विचारेन तेवढं तो. "अभ्यास झाला?" "झाला." त्याचं "झाला" अगदी "दिसला"सारखं होतं. त्यातलं किती खरं ते मला कळत नव्हतं. त्रेचाळीस पक्ष्यांचं मला तेवढं वाटलं नाही. याचं वाटायचं.

मागच्या वर्षी गोदामात मोजणी चालू होती. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई आहे, माझ्याच वयाची, आठ वर्षं एकत्र डबा खातो. मी तिला विचारलं, "सात नंबरचा रॅक मोजला ना?" ती म्हणाली, "हो, मोजला." संध्याकाळी तफावत आली, आणि तो रॅक तिने मोजलाच नव्हता. वरचा कप्पा राहिला होता, तिची कंबर धरली होती, शिडी चढता येत नव्हती. मी म्हटलं, "अगं, मग तसं सांगायचं. आपण इतक्या वर्षांच्या मैत्रिणी." ती चिडली नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "ताई, तुम्ही विचारता ना, तेव्हा नाही म्हणायची सोय नसते. 'मोजला ना' म्हणता. पेन उघडून उभ्या असता."

मी वरचा कप्पा स्वतः मोजला. मोजता मोजता दोनदा चुकले.

घरी येऊन चहा घेताना मुलाला हे सांगितलं. कशाला सांगितलं ठाऊक नाही. त्या दिवशी यजमान घरी नव्हते आणि बोलायला तोच होता. अकरावीत होता, ठाण्याला कॉलेजला जायला लागलेला, ओठावर मिशी. तो ऐकून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"बरोबर बोलल्या त्या. हे मला दुसरीपासून माहितेय."

"मग बोलला का नाहीस?"

"पेन उघडं असायचं ना तुझं," तो म्हणाला, आणि बिस्किट बुडवलं.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुला नको तसं विचारलं. वहीच्या वेळी. आणि चाकाला हात लावू दिला नाही, ते तर त्याच्याही आधीचं. चाक तुझ्या डोळ्यांप्रमाणे फिरवलं असतंस तर तुला चष्म्याशिवायही दिसलं असतं. चष्म्याच्या तपासनिसाने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

त्याने कप खाली ठेवला. "म्हणजे दुर्बीण चांगली होती?"

"दुर्बीण चांगली होती."

"मला वाटायचं फालतू आहे," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो."

थंडी सुरू झाल्यावर, एका शनिवारी, त्यानेच कपाटावरून दुर्बीण काढली. चिकटपट्टीचा गोंद चाकाला तसाच होता, तो नखाने खरवडत बसला होता. "उद्या बांधावर जायचं?" म्हणाला. मी हो म्हटलं. खरं तर आठवडाभर मला बरं नव्हतं आणि रविवारी गव्हाचं दळण, चादरी, सगळंच होतं.

बांध बदललाय. अर्ध्या दलदलीत इमारतींच्या पाडकामाचा राडारोडा आणून टाकलाय, फरशांचे तुकडे, कमोडचे तुकडे. निवट्या पकडणारे म्हातारे दिसले नाहीत. शेकाटे होते, चौदा. पूर्वी त्या जागी आम्ही साठ मोजलेले. मुलाने चौदाही दोनदा मोजले. तेवढं चालल्यानेच माझा घोटा बोलायला लागला.

पाणगवताच्या एका पट्ट्याजवळ तो थांबला. दुर्बीण लावली, चाक फिरवलं, आणि आवाज न करता मला जवळ बोलावलं.

"गवताच्या बुडाशी. चिमणीएवढा. गळ्याखाली निळा पट्टा आहे, त्याखाली तांबडा. हिवाळ्यातला पाहुणा आहे, आपल्याकडे नाहीये हा. घे. चाक तू फिरव, तुझ्या डोळ्यांप्रमाणे."

मी दुर्बीण लावली. गवत दिसलं. गवताची काडी न् काडी दिसली, चिखल दिसला, एक बाटलीचं झाकण दिसलं. पक्षी नाही.

"दिसला?" त्याने विचारलं.

तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. म्हटला असता तर काम झालं असतं. दोन खुणा, एकशे चौदा, आणि नवाच्या आत घरी. पोरगं तीन वर्षांनी आलंय, त्याला नवा पक्षी मिळालाय, मी कशाला मोडता घालू? आणि पाय खरंच दुखत होता. तो कसा "दिसला" म्हणायचा, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. खोटं बोलतोय असं वाटतच नाही. दुसऱ्याचं ओझं कमी करतोय असं वाटतं.

"नाही," मी म्हटलं.

"नाही?"

"नाही दिसत रे. गवतच दिसतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे. पाडकामातला एक सिमेंटचा ठोकळा त्याने ओढत आणला, त्यावर पाठीवरची पिशवी ठेवली. "बस. बसून बघ. थांबू या."

"तुला क्लास आहे ना?"

"अकराला आहे."

आम्ही थांबलो. तो दर पाच मिनिटांनी सांगायचा, डावीकडे सरकला, आत गेला, आता मलाही दिसत नाही. मी दर वेळी बघून सांगायचे, नाही. तो दर वेळी म्हणायचा, बरं. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. एकदा गवत हललं आणि काहीतरी तपकिरी गेलं. "आता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तपकिरी काहीतरी हललं. पिशवी असेल." तो इतका हसला की शेकाटे उडाले.

पक्षी मला दिसला नाही. साडेनवाला उठलो. दोन ठिकाणी बसत मी तिसरा मजला चढले. दळण राहिलं, चादरी भिजवल्या.

दुपारी वही काढली. त्याने तारीख घातली, ठिकाण घातलं, पक्ष्याचं नाव लिहिलं आणि त्याच्या रकान्यात खूण केली. माझा रकाना रिकामा ठेवला. एका खुणेची ओळ त्या वहीत पहिल्यांदाच आली, आणि नियमाप्रमाणे ती यायलाच नको होती. मी ते बोलून दाखवणार होते. पण पेन त्याच्या हातात होतं.

क्रमांकाच्या जागी त्याने काही लिहिलं नाही. एकशे तेराच आहेत.